वोंबॅटच्या पंगतीला

मुलगी परदेशी दिली की बापाला आयुष्यात एकदा तरी विमानात बसावेच लागते. मी ते तीन वर्षे टाळले. गुडघे दुखतात, कवळी नवी आहे, शेताकडे पाहायला कोणी नाही, अशी कारणे एकामागून एक पुढे केली. चौथ्या वर्षी मात्र नऊ वर्षांच्या नातीने मला फोनवरच धरले. "आजोबा, तुम्ही गवताचे डॉक्टर होता ना? मग इकडे या. मी तुम्हांला गवत खाणारं अस्वल दाखवते!"

'गवताचा डॉक्टर' ही पदवी तिनेच बहाल केलेली. १९७२ साली, ऐन दुष्काळात, मी सरकारी नोकरीला लागलो आणि पुढली पस्तीस-छत्तीस वर्षे गुरांच्या चाऱ्याच्या कामावर सातारा, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतून फिरलो. नव्या गावात शिरताना लोक आधी देवळाचा कळस पाहतात. मी माळ पाहत असे. कुठे पवना आहे, कुठे नुसती कुसळी माजली आहे, कुठे मारवेल तग धरून आहे, हे पाहण्यात जन्म गेला. तेव्हा नातीचे आमंत्रण म्हणजे वर्मावर ठेवलेले बोट होते. गेलो.

मेलबर्नला पोहोचल्यावर उलगडा झाला. ते अस्वल म्हणजे वोंबॅट. शास्त्रज्ञांनी त्याच्या एका जातीला 'अस्वलासारखा' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले आहे खरे, पण अस्वलाशी त्याचे काडीचेही नाते नाही. तो कांगारूप्रमाणे पोटाला पिशवी असलेला प्राणी आणि कोआलाचा जवळचा भाऊबंद. बीळ खणताना पिलाच्या तोंडात माती जाऊ नये म्हणून आईच्या पिशवीचे तोंड मागच्या बाजूला असते. त्याच्या एकंदर तीन जाती. एक उघड्या नाकाची, ती आग्नेय ऑस्ट्रेलियात व टास्मानियात आढळते. दुसऱ्या दोन केसाळ नाकाच्या, एक दक्षिणेकडची व एक उत्तरेकडची. या शेवटच्या जातीपाशी आपल्याला पुढे यायचेच आहे.

मे महिना होता. आपल्याकडे वैशाख वणवा, तर तिकडे थंडी पडू लागलेली. वोंबॅट एरवी रात्री चरणारा प्राणी, पण थंडीच्या दिवसांत तो दुपारीही उन्हाला बाहेर येतो. म्हणून जावईबापूंनी टास्मानियाचा बेत आखला. मी गुपचूप दोन जुड्या गाजरे विकत घेतली. कोणाच्या दारी जायचे तर हात हलवत कसे जायचे?

जीलाँगच्या बंदरातून रात्री मोठी आगबोट सुटते आणि सकाळी टास्मानियाच्या डेव्हनपोर्टला लागते. तेथे उतरलो तो एक कुत्रे मोठ्या अदबीने माझ्या पिशवीपाशी येऊन बसले. त्याच्यामागून एक अधिकारी आला. टास्मानियात बाहेरची ताजी फळे, भाजीपाला नेऊ देत नाहीत. त्यांबरोबर किडी आणि रोग येतात. गाजरे गेली. पिशवीतल्या शंकरपाळ्यांचा डबा उघडून त्याने वास घेतला, हसला आणि परत दिला. मला राग यायला हवा होता. पण उभा जन्म कीड-रोगांची पत्रके वाटण्यात घालवलेला माणूस मी. मनातल्या मनात त्याला नमस्कारच केला.

डेव्हनपोर्टहून क्रेडल माउंटनपर्यंतचा रस्ता वर वर चढत जातो. माहितीकेंद्रापाशी आपली मोटार ठेवायची आणि उद्यानाच्या बसमधून रॉनी क्रीक नावाच्या ओढ्यापाशी उतरायचे. तेथून लाकडी फळ्यांची पायवाट दूरवर जाते. डोंगरांच्या कुशीत एक बुटके झाड असते, त्याची पाने याच दिवसांत सोन्यासारखी पिवळी होऊन झडतात. मंडळी ते पाहायला आलेली. माझे लक्ष अर्थात खाली.

खाली बटनगवताचे राठ झुबके पसरलेले. नाव गवताचे, पण वनस्पती लव्हाळ्याच्या कुळातली. लांब दांड्याच्या टोकाला गुंडीसारखा बोंडा. गुरांना कोणी हे घातले तर ती मालकाकडे तुच्छतेने पाहतील. पण या झुबक्यांच्या मधूनमधून, ओढ्याच्या कडेने, हिरवळीचे तुकडे होते. कोणी कातरीने कापावेत असे एकसारखे, जमिनीसरशी. मी जावईबापूंना विचारले, "ही हिरवळ कोण राखतं?"

नातीने माझी बाही ओढली. "आजोबा, ते बघा. तो राखतो."

पंधरा पावलांवर एक करडा-तपकिरी धोंडा हलत होता. सव्वा-दीड हात उंच नव्हे, त्याहूनही ठेंगणा, लांबीला मीटरभर, पाय आखूड, डोके रुंद, शेपटी जवळजवळ नाहीच. वजन पंचवीस-तीस किलो तरी असावे. आम्ही आलो याची त्याने दखलही घेतली नाही. मान खाली, आणि चालले आहे काम: करकर, करकर, करकर. गोठ्यात रात्री कंदील बारीक केल्यावर कानी पडतो तोच आवाज. इतक्या दूर, परक्या डोंगरात, मला एकदम घरी आल्यासारखे वाटले.

हात आपोआप शंकरपाळ्यांच्या डब्याकडे गेला. झाकण निघण्याआधीच नातीचा हात त्यावर पडला. "नो, आजोबा! त्याला आपलं खायला द्यायचं नाही." मग तिने शाळेत शिकलेला पाठ म्हणून दाखवला. उद्यानात वन्य प्राण्यांना खाऊ घालायला बंदी आहे. पावासारख्या मऊ अन्नाने वॉलबी नावाच्या छोट्या कांगारूंना जबड्याचा वाईट रोग जडतो. याच टास्मानियात मराया नावाचे एक बेट आहे. तेथे येणाऱ्या प्रवाशांना २०१९ सालापासून, वोंबॅटच्या फार जवळ जाणार नाही, त्याच्या तोंडापुढे छायाचित्राची दांडी धरणार नाही, अशी शपथ घेण्याचे आवाहन केले जाते. मी डबा बंद केला. आग्रह करकरून वाढणाऱ्या घराण्यात जन्मलो, आणि साताऱ्याहून इतक्या लांब येऊन मला कोणाच्या तोंडासमोर रिकाम्या हाताने उभे राहावे लागले.

रिकाम्या हाताने उभे राहिले की माणूस नीट पाहतो. मी पाहू लागलो. गाय जिभेने गवताला विळखा घालून ते उपटते, म्हणून तिला थोडे उंच गवत लागते. वोंबॅटचा वरचा ओठ मधोमध दुभंगलेला असतो. त्यामुळे पुढचे दात थेट जमिनीला भिडतात आणि बोटाच्या पेराएवढे गवतही तो मुळापाशी छाटतो. पुढचे दात वर दोन, खाली दोन, उंदराच्या दातांसारखे. एकूण दात चोवीस, आणि चोवीसही जन्मभर वाढत राहतात! टास्मानियातल्या गवतात वाळूसारखी सिलिका असते, ती दात झिजवते. ते झिजतात तितके खालून वर येतात. माझ्या नव्या कवळीने त्या क्षणी तोंडात एक हुंकार दिल्यासारखे वाटले. दात पडल्यामुळे म्हातारी जनावरे चारा समोर असून उपाशी मरतात, हे मी छावण्यांतून पाहिले आहे. या जनावराला त्या दुःखातून देवाने सोडवले आहे.

त्याचे खाणेही साधे. मुख्यतः गवत, त्यातही झुबक्याने वाढणारी रानगवते. जोडीला लव्हाळे, काही मुळ्या, साली, क्वचित शेवाळ. जगातले सर्वांत निकृष्ट म्हणता येईल असे अन्न. पण ते तो इतके बारीक दळतो की विचारू नका. रवंथ मात्र नाही. गाय चार कप्प्यांच्या पोटात आधी आंबवते. वोंबॅट घोड्याप्रमाणे मागल्या आतड्यात आंबवतो. आतडे दहा मीटरांच्या आसपास लांब. आत गेलेल्या घासाला बाहेर पडायला आठवडा, कधी दोन आठवडेही लागतात असे सांगतात. तोवर त्यातले सत्त्व आणि पाण्याचा थेंबन् थेंब शोषून घेतला जातो. अंगातली आगटीही मंद. दिवसाचा मोठा भाग बिळाच्या गारव्यात झोपून काढायचा, आणि थोडके तास चरायचे. कांगारूला पोटासाठी याच्या कितीतरी पट वेळ रानात काढावा लागतो. थोडक्यात भागवणारा म्हणतात तो असा.

आणि या सगळ्या काटकसरीचा शेवट पायवाटेच्या कडेला एका दगडावर मांडून ठेवलेला होता. पाच-सहा चौकोनी वड्या! नात मोठ्या अभिमानाने म्हणाली, "वोंबॅटची शी." थेट घनाकार. आम्ही खात्यात शेणाचे नमुने पुष्कळ पाहिले, पण असा साच्यातून काढलेला माल कधी पाहिला नाही. एका रात्रीत तो अशा ऐंशी-शंभर वड्या टाकतो आणि हद्द दाखवण्यासाठी त्या दगडांवर, ओंडक्यांवर ठेवतो. चौकोनी असल्याने त्या घरंगळत नाहीत. हे कसे घडते याचा शोध पॅट्रिशिया यांग, डेव्हिड हू आणि टास्मानियाचे स्कॉट कार्व्हर आदी संशोधकांनी लावला. आतड्याच्या शेवटल्या भागाची भिंत सगळीकडे सारखी नसते. कोठे ताठ, कोठे सैल. कोरडा पडत चाललेला मळ तिच्या आकुंचनाने हळूहळू कोन धरतो. या कामाला २०१९ साली इग नोबेल हे गमतीचे, पण नावाजलेले पारितोषिक मिळाले.

परतीच्या बसच्या थांब्यावर एक प्रौढ बाई भेटल्या. नात वोंबॅटविषयी बोलते आहे हे ऐकून त्या आपण होऊन बोलू लागल्या. मोटारींखाली सापडून मेलेल्या वोंबॅट-माद्यांची पिले त्या घरी वाढवतात. रस्त्यात मादी मेलेली दिसली तर पिशवीत हात घालून पाहायचे. आत पिलू जिवंत असते. त्याला गाईचे दूध चालत नाही, त्यातली साखर पचत नाही. त्याच्यासाठी वेगळे दूध मिळते. पण खरी परीक्षा दूध सोडताना. आई नसते तेव्हा गवत कसे पचवायचे हे पोटाला कोण शिकवणार? गवत आंबवणारे जंतू पिलाच्या आतड्यात आपोआप येत नाहीत. म्हणून धडधाकट वोंबॅटच्या त्याच चौकोनी वड्या आणून पिलाला चाटवतात. "विरजणासारखं!" मी म्हणालो. नातीने विरजण म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगितले, आणि बाई खूष झाल्या.

मी त्यांना विचारले, "मग यांना कोणी कधी आपल्या हातचं भरवलंच नाही का?" त्यावर त्यांनी सांगितलेली हकीकत मी नंतर घरी येऊन वाचून काढली. १७९६ च्या अखेरीस कलकत्त्याहून 'सिडनी कोव्ह' नावाचे गलबत माल घेऊन सिडनीला निघाले. खलाशांत आपल्याकडचे लष्कर पुष्कळ. १७९७ च्या फेब्रुवारीत ते टास्मानियाच्या ईशान्येला, फर्नो बेटांपाशी फुटले. उरलेल्या माणसांच्या सुटकेसाठी जी जहाजे गेली त्यांतून वोंबॅटची बातमी गोऱ्यांच्या जगाला पोहोचली. १७९८ साली एक जिवंत वोंबॅट सिडनीला गव्हर्नर हंटरकडे आणला गेला. वाटेत त्याने काही खाईना. तेव्हा त्याच्या घशात काय कोंबले असेल? शिजवलेला भात! बिचारा सहा आठवडे जगला. मग त्याला मद्यार्कात घालून इंग्लंडातल्या न्यूकॅसलला पाठवण्यात आले.

भात वाईट म्हणून नव्हे, भात त्याचा नव्हता म्हणून. माझ्या मांडीवरचा डबा मला जड वाटू लागला.

बस यायला अजून अवकाश होता. बाई उत्तरेकडच्या केसाळ नाकाच्या जातीविषयी बोलू लागल्या. क्वीन्सलँडमध्ये एपिंग फॉरेस्ट नावाचे सुमारे तीन हजार हेक्टरांचे रान आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही जात सबंध पृथ्वीवर फक्त तेथेच, आणि जेमतेम पस्तीस जीव, एवढी उरली होती. कारण शिकार नव्हे, कारण पंगत. गुरे, मेंढ्या आणि ससे त्याच गवतावर सोडलेले, आणि वरून दुष्काळ. कुंपण घालून गुरे बाहेर काढली तेव्हा उरलेले जीव सावरले. पुढे रानकुत्र्यांनी काही मारले, म्हणून २००२ साली वीस किलोमीटरांचे कुंपण घातले. २००९ पासून सेंट जॉर्ज गावाजवळ दुसरी वसाहत केली. आज संख्या तीनशेच्या पुढे गेली आहे. एपिंगमध्ये प्रवाशांना मात्र प्रवेश नाही.

"आता तिथे एकच चिंता," बाई म्हणाल्या. "बफेल. बाहेरून आलेलं गवत. गुरांसाठी पेरलं, ते रानात शिरलं. रानगवतं दाबून टाकतं, बिळांच्या वाटा बुजवतं, आणि पेटलं तर फार जोरात पेटतं. वोंबॅट आता बऱ्याच अंशी तेच खातात, कारण तेच समोर असतं."

त्यांनी फोनवर चित्र दाखवले. मी चष्मा पुसला. तांबूस, मऊ, खारीच्या शेपटीसारखे तुरे.

ते अंजन होते.

वाचकांपैकी ज्यांचा कोरडवाहू शेतीशी संबंध आला आहे त्यांना अंजन सांगायला नको. कमी पावसात टिकणारे, गुरांना मानवणारे, आमच्या खात्याचे लाडके. १९७२ च्या दुष्काळात म्हसवडच्या बाजूला छावणीत मी गुरे पाहिली होती. उसाचे वाढे तेवढे खाऊन फासळ्या मोजता येतील अशी झालेली. एक म्हातारा बैलाच्या तोंडाशी रिकामी मूठ धरून बसला होता. बैल ती मूठ चाटत होता. त्या दिवशी मी मनाशी ठरवले, की माझ्या हद्दीत पडीक माळ ठेवायचा नाही. पुढली सारी वर्षे अंजनाचे बी पिशव्यांतून, पत्रकांतून, भाषणांतून वाटले. आफ्रिकेपासून आपल्यापर्यंत पसरलेले हे गवत गेल्या शतकाआधीच उंटवाल्यांच्या खोगिरांत भरून ऑस्ट्रेलियात पोहोचले असे सांगतात. ते उंटवाले कराचीच्या बाजूने येत. पुढे तेथल्या पशुपालकांनीही ते मुद्दाम पेरले. माझ्यासारखाच एखादा गवताचा डॉक्टर तिकडेही असणार. त्यानेही उपाशी गुरे पाहिली असतील. त्यानेही नोंदवहीत 'पडीक' असा शेरा मारला असेल. आणि त्या पडीक जमिनीत, बिळात झोपलेला, एक जण जेवायला बाहेर येण्यासाठी संध्याकाळची वाट पाहत असेल.

बसमध्ये मी गप्प होतो. नातीने विचारले, "आजोबा, मग ते गवत बॅड आहे का?"

"नाही ग," मी म्हणालो. "आपल्याकडे ते घरचं आहे. त्याने पुष्कळ बैल वाचवले. इथे ते पाहुणा म्हणून आलं आणि सगळ्या पाटांवर बसलं."

"मग चूक कोणाची?"

याचे उत्तर मला बसमध्ये देता आले नाही. अंजनाने आपले माळ बुडाले असे मी म्हणणार नाही. ते खरेही नाही. पण एवढे मात्र खरे, की शेकडो हेक्टर माळावर मी नांगर फिरवायला लावला, आणि नांगरण्याआधी एकदाही विचारले नाही, की इथे आधीपासून कोण जेवते आहे? सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झाले तेव्हा आम्ही खात्यात हसलो होतो. पक्ष्याला एवढी कुरणे कशाला? आज तो माळढोक आपल्या राज्यात दिसेनासा झाल्यातच जमा आहे. त्याची कारणे अनेक आहेत. ते हसणारे आम्ही मात्र मला नावानिशी आठवतात.

जूनमध्ये घरी परतलो. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला दोन एकरांचा माळ आहे. यंदा तो नांगरून अंजन पेरायचे ठरले होते. बी आणून ठेवलेले होते. ते मी शेजाऱ्याला देऊन टाकले. त्याला म्हशी आहेत, त्याचे रान बांधाने राखलेले आहे, तेथे त्याचे सोने होईल.

श्रावणात नातीचे पत्र आले. त्यात वोंबॅटचे चित्र, शेजारी नीट मोजून काढलेली एक चौकोनी वडी, आणि खाली वेड्यावाकड्या मराठीत प्रश्न : "तुमच्या माळावर कोण जेवतं?"

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी वही घेऊन माळाच्या कडेला बसतो. डबा घरीच ठेवतो. आतापर्यंत ससा, चंडोल, तित्तिराची एक जोडी आणि नाव ठाऊक नसलेले तीन प्रकारचे नाकतोडे, एवढ्यांची नोंद झाली आहे. काल मुंगसाने हजेरी लावली. तो जेवायला आला होता की जेवणाऱ्यांना पाहायला, हे नक्की कळले नाही. यादी पुरी झाली म्हणजे तिकडे पाठवीन. अजून ती पुरी झालेली नाही.